विश्राम मुकादमाची लेक

सरोजिनीताई साकामोतोंना कचऱ्याचा कोपरा झाडायचं काम हवं होतं. हसू नका. आधी मीही हसले होते, आणि नंतर माझं मलाच तोंड लपवावंसं वाटलं. म्हणून तर हे सगळं सांगायला बसलेय.

आम्ही ओसाकाला गेलो त्र्याण्णव साली. शशांकची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेनं तिथल्या शाखेत बदली केली होती. घर मिळालं ते एका जुन्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून शशांकला झापत होते, तेही अस्सल पुणेरी मराठीत, कारण इथे कुणाला काय कळतंय! तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, हळू बोल. त्याचं चुकलंच असेल, पण गल्लीत नको." वळून पाहते तर जपानी एप्रन, पायात प्लास्टिकच्या सपाता आणि हातात हातभर लांब मुळा घेतलेली एक पन्नाशीची बाई. या सरोजिनीताई.

त्यांची कथा थोडक्यात अशी. मुंबईतल्या एका गिरणीत नवी यंत्रं बसवायला साकामोतो-सान नावाचा एक अबोल तरुण जपानहून आला होता. सरोजिनीताई तिथे टायपिस्ट होत्या. यंत्रं बसवायला सहा महिने लागायचे ते अकरा लागले, आणि त्याचं कारण यंत्रात नव्हतं असं ताई लाजत सांगायच्या. चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन त्या या गल्लीत आल्या, त्या आल्याच. सासूचं सुक्या मासळीचं दुकान होतं. ताई जपानी शिकल्या त्या दुकानात, सासूच्या तोंडून, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत. त्यामुळे त्यांची जपानी म्हणजे जुन्या ओसाकातल्या बाजारातली, खणखणीत, वर हात नाचवून बोलायची. त्यांची मुलगी नैना क्योतोला युनिव्हर्सिटीत शिकत होती. आई मैत्रिणींसमोर बोलायला लागली की ती कानापर्यंत लाल व्हायची. आईनं मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीतच यायचं.

आता तो कचरा. त्या गल्लीत दर आठवड्याला एका घराकडे कोपऱ्याची जबाबदारी असे. गाडी कचरा घेऊन गेली की जागा झाडायची, पाण्यानं धुवायची, कावळ्यांसाठी पसरलेली निळी जाळी घडी करून ठेवायची. याला म्हणतात तोबान. ज्या घराची तोबान, त्या घराच्या दाराला एक लाकडी पाटी लटकलेली असायची. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. आमच्या बिल्डिंगला वेगळा माणूस होता, म्हणून मी सुटले होते. सुटले बाई, असंच म्हणाले मी.

सासूबाई नव्वद साली गेल्या. तोवर पाटी त्यांच्या दाराला लागायची. त्यानंतर ती निशिमुरांच्या दारावरून थेट ओकुदांच्या दाराला जायला लागली. मधलं साकामोतोंचं घर वगळून. महिला मंडळाच्या अध्यक्ष निशिओ-सान गोड हसून म्हणाल्या होत्या, "साकामोतो-सान, तुम्हाला कशाला त्रास? वर्गवारीचे नियम किचकट, नोटिसा सगळ्या कांजी चित्रलिपीत. आम्ही आहोत ना."

"सहा वर्षं झाली गं विभा," ताई मला सांगत होत्या. "सणाला गेले की 'बसा, बसा' म्हणतात. गवत काढायला गेले की माझ्या हातातलं खुरपं घेतात. कुणी भांडलं असतं तर मी दोन हात केले असते. या गोडव्याशी भांडायचं कसं? बावीस वर्षं झाली, अजून मी पाहुणीच."

"अहो, पण ताई, झाडू मारायला नको हे बरंच की!" असं मी म्हणाले. तेव्हा हसले ती अशी.  त्या मुळा चिरत राहिल्या.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये महिला मंडळाची सहल शांघायला निघाली. एरवी या बायका गरम पाण्याच्या झऱ्यांना जायच्या, पण त्या साली कुणाच्या तरी डोक्यात परदेशाचं वेड शिरलं. एकीचे गुडघे धरले, एक जागा रिकामी झाली, आणि ताईंनी मला त्यात घुसवलं. ओसाकाहून दोन-अडीच तासांत शांघाय.

काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यात इतक्या क्रेन एका ठिकाणी पाहिल्या नाहीत. नदीच्या या काठाला इंग्रजांच्या वेळच्या दगडी इमारती, आणि पलीकडच्या काठाला लाल गोळे ओवलेला तो उंचच उंच मनोरा, आणि त्याच्यामागे जिकडे नजर टाकाल तिकडे अर्धवट उभ्या इमारती. आमची गाइड होती शू नावाची एवढीशी मुलगी, हातात पिवळा झेंडा, आवाज मात्र पोलिसासारखा. ती काहीही दाखवलं की म्हणायची, "पुढच्या वेळी याल तेव्हा हे नसेल." मोडक्या चाळींची गल्ली आली: "पुढच्या वेळी हे नसेल, इथे वीस मजली दुकान असेल." भाताचं शेत आलं: "पुढच्या वेळी इथे स्टेशन असेल." एका पाडलेल्या घराची एकच भिंत उभी होती आणि तिच्यावर कॅलेंडर अजून लटकत होतं, चालू महिन्याचं! माणसं सकाळी घर सोडून गेली असावीत आणि दुपारी घर गेलं असावं.

सिग्नलला एका बाजूनं शेकडो सायकली आणि त्यांच्या पुढ्यात विटेएवढा फोन कानाला लावून बसलेला शेठ, चकाचक गाडीत. भर रस्त्यात रात्रीच्या फुलाफुलांच्या पायजम्यात भाजी आणायला निघालेल्या बायका, आणि त्यांच्या शेजारून टाय लावलेल्या पोरी टकटक चालतायत. धूळ तर अशी, की संध्याकाळी रुमाल काळा. आमच्या जपानी बायका नाकाला रुमाल लावून म्हणत होत्या, "अय्या, आपलंच लहानपण आठवतं. आपणही किती गरीब होतो नाही!"

मला गरिबी-बिरिबी काही आठवली नाही. मला हेवा वाटला, उघड सांगते. आमच्या घराजवळच्या एका पुलाचे खांब मी शाळेत असताना उभे राहिले. माझं लग्न होऊन मी विमानात बसले तरी त्यांच्यावर कावळेच बसत होते. आणि इथे ही शू पोरगी छातीठोकपणे सांगतेय, पुढच्या वेळी हे नसेल. इतका राग आला मला की मी तिच्याशी दिवसभर धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ती भानगड झाली. बसपाशी साडेदहाला जमायचं होतं. जपानी साडेदहा म्हणजे दहा पंचवीस. निशिओ-साननी डोकी मोजली, एक कमी. परत मोजली, परत एक कमी. सरोजिनीताई गायब! मी रस्त्यापलीकडे पाहिलं.

समोर एक इमारत उठत होती, चांगली वीस मजली. तिच्याभोवती पायापासून शेंड्यापर्यंत नुसत्या बांबूंची परांची. आमच्या बायका आदल्या दिवशीच तिच्याकडे बोट दाखवून "बाप रे, धोकादायक, बिचारे!" म्हणाल्या होत्या, कारण जपानात आता सगळीकडे लोखंडी पाइप. त्या परांचीच्या बुडाशी ताई उभ्या होत्या. पर्स काखेत, एक पाय विटेवर, आणि दोन्ही हातांनी बांबूची गाठ ओढून बघत होत्या! आतून कामगारांचा मुकादम आरडाओरडा करत धावत आला. मी रस्ता ओलांडून पोचेपर्यंत त्याचा आरडाओरडा थांबला होता. ताईंनी त्याच्या कमरेच्या जुडग्यातली एक ओली पट्टी खेचून घेतली होती, बांबूचीच सोललेली पट्टी, आणि दोन वासे जुळवून गाठ मारत होत्या. तीन वेढे, एक उलटा, मग शेपूट पिळून आत खोचलं. हाताकडे बघतसुद्धा नव्हत्या. मुकादमानं गाठीला हिसका दिला. मग ताईंकडे पाहिलं. मग मोठ्यांदा हसला आणि पट्ट्यांचं अख्खं जुडगं त्यांच्या हातात कोंबलं.

आम्ही बसपाशी पोचलो तेव्हा अकरा मिनिटं उशीर झाला होता. अकरा! निशिओ-सान ड्रायव्हरपुढे कमरेत वाकून माफी मागत होत्या. मग ताईंनी सगळ्यांपुढे वाकून मागितली. कुणी रागावलं नाही, उलट सगळ्या "काही नाही, काही नाही, तुम्हाला सवय नसेल" असंच म्हणाल्या. ते "सवय नसेल" ऐकून ताईंचा चेहरा पडला.

बसमध्ये शेजारी बसल्यावर बोटात घुसलेलं बांबूचं कुसळ काढत त्या हळूच म्हणाल्या, "माझे वडील परांची बांधायचे."

"म्हणजे, बिल्डर होते म्हणालात ना?" गणपतीला ओसाका-कोबेची मराठी घरं जमायची, तिथे त्या नेहमी म्हणायच्या, वडील बिल्डिंग लाइनमध्ये.

"लाइनमध्येच होते की. लाइनीच्या बाहेरून, बांबूवर." त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. "विश्राम मुकादम म्हणायचे त्यांना. कोकणातून आले ते मुंबईत बांबूवरच चढले. सुट्टीत मी डबा घेऊन जायचे तर मला गाठी शिकवायचे. हसत म्हणायचे, पोरी, माझ्या गाठीला माणूस लटकलेला असतो. नीट मार. टायपिस्ट झाले आणि मी सांगायचं बंद केलं. इथे आले तेव्हा तर ठरवूनच टाकलं. नवऱ्याला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. काल या सगळ्या 'बिचारे' म्हणाल्या ना, आणि मीही मान डोलावली. विभा, माझ्या बापाला मी बिचारा म्हणाले गं."

 गणपतीला जमणाऱ्या बायकांत 'वडील काय करत' हा प्रश्न सगळ्यात आधी मीच विचारते. मला माझीच लाज वाटली.

परत आल्यावर मंडळाची बैठक झाली. सहलीनंतर एकीनं गल्लीपुढे वृत्तान्त सांगायचा, ही त्यांची पद्धत. कोणी सांगायचा ते ठरतं चिठ्ठीनं. म्हणजे कागदावर उभ्या रेघा, मध्ये आडव्या, आणि वरून बोट रेघांवरून घसरत खाली ज्या नावावर येईल, तिची पाळी. बोट घसरत घसरत आलं ते साकामोतो नावावर. 

"साकामोतो-सान," निशिओ-सान त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "कष्ट नका घेऊ. तुमच्या वतीनं मी वाचून टाकीन."

"मीच सांगेन," ताई म्हणाल्या. आवाज चिरकला त्यांचा, पण म्हणाल्या.

दोन दिवसांनी निशिओ-साननी भाषणच लिहून आणून दिलं, सोप्या अक्षरांत, शुद्ध, सभ्य जपानीत. हवामानाचे आभार, अध्यक्षांचे आभार, आणि मध्ये एक वाक्य: 'बांबूच्या धोकादायक परांचीवर राबणारे ते बिचारे कामगार पाहून आपण किती सुखी आहोत हे जाणवले.' ताईंनी ते माझ्यापुढे शंभरदा म्हटलं. रविवारी घरी आलेली नैना म्हणाली, अर्थात जपानीत, "आई, कागदावर आहे तेवढंच वाच हं. आजीच्या भाषेत सुरू होऊ नकोस. प्लीज."

जूनमधला रविवार. गल्लीच्या सभागृहात चाळीसेक माणसं चटयांवर बसलेली. स्लाइड दाखवायचं काम माझ्याकडे. ताई आल्या त्या हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन, आणि पिशवीतून टपटप पाणी गळतंय. "अहो ताई, मासे आणलेत की काय? चटई भिजली ना!" मी ओरडले. "गप्प बस," त्या म्हणाल्या.

सुरुवात झकास झाली. हवामान झालं, अध्यक्ष झाल्या. नदी आली, मनोरा आला. मग मी बटण दाबलं आणि पडद्यावर ती परांची आली, पायापासून शेंड्यापर्यंत. ताईंनी कागदाकडे पाहिलं. 'धोकादायक' एवढा शब्द म्हणाल्या आणि थांबल्या.   मागच्या रांगेत नैनानं मान खाली घातली.

ताईंनी कागदाची घडी केली आणि एप्रनच्या खिशात टाकली. आणि मग सासूच्या दुकानातली ती भाषा सुटली, हात नाचवत, खणखणीत.

"हे बघा, हे मी नाही वाचणार. यात लिहिलंय ते बिचारे. कशाचे बिचारे? माझा बाप हेच काम करायचा. मुंबईत, बांबूवर, सतरा-अठरा मजले. बावीस वर्षं या गल्लीत राहतेय, कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. शांघायला गेले आणि त्या गाठीला हात लावला, तेव्हा कळलं, लाज वाटायला हवी होती ती माझी. ते शहर काय नुसत्या क्रेननी उठतंय होय? त्याची एकेक खिडकी कुणाच्या तरी गाठीवर उभी आहे. तुम्ही सगळ्या वरचा मनोरा बघत होतात. मी गाठी मोजत होते. म्हणून अकरा मिनिटं उशीर झाला. त्याची परत माफी मागते. बाकी कशाची नाही मागत."

 मग कोपऱ्यातून मोरिता-आजोबा खाकरले. चौऱ्याहत्तर वर्षांचा खडूस म्हातारा. सगळी हयात परांच्या बांधण्यात गेलेली, आधी लाकडी वाशांच्या, मग लोखंडी. "बांबू गुळगुळीत," ते गुरगुरले. "घसरतो. माणसाचा भार घेत नाही."

"घेतो," ताई म्हणाल्या.

"गप्पा!"

"मग बांबू आणा."

सणाच्या कंदिलांसाठी ठेवलेले बांबू मागच्या खोलीत होतेच. ताईंनी गळती पिशवी उघडली आणि शांघायच्या मुकादमानं दिलेल्या पट्ट्या बाहेर काढल्या. सकाळपासून भिजत घातलेल्या! म्हणजे बाईंनी ठरवलं होतं तर सगळं, आणि मला पत्ता नाही. सभागृहाच्या दोन लाकडी खांबांना त्यांनी डोक्यावर हात पोचेल इतक्या उंचीवर आडवा बांबू लावला. तीन वेढे, एक उलटा, शेपूट पिळून आत. दुसरीकडे तसंच. दोन मिनिटं लागली असतील.

मोरिता-आजोबा उठले. गाठ चाचपली, वास घेतला, नखानं खरवडली. मग दोन्ही हातांनी बांबू धरला आणि पाय उचलले! बायका किंचाळल्या. निशिओ-सान "अहो, अहो" करत धावल्या. म्हातारा लटकला, वर दोन झोके घेतले. गाठ तसूभर सरकली नाही.

पाय जमिनीला लागले तेव्हा ते धापा टाकत म्हणाले, "खरं काम. अस्सल." मग निशिओ-सानकडे वळून म्हणाले, "हिच्या गाठीला मी लटकलो. आणि तुम्ही हिच्या हातात झाडू द्यायला घाबरता? या घरावरून तोबान उडी का मारते, मला सांगा."

निशिओ-सान लालबुंद झाल्या. "आम्हाला वाटलं, त्यांना त्रास नको…" त्या पुटपुटल्या.

"मला हवाय," ताई म्हणाल्या. "तो त्रास मला हवाय. सहा वर्षं हवाय."

 मग निशिओ-सान वाकल्या, खोल वाकल्या. या वेळी तोंडावर ते गोड हसू नव्हतं. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, माझ्याच्यानं राहवेना. मग सगळं सभागृह वाजवायला लागलं. आणि मागून नैना उठून आली, आईच्या हाताला धरून सगळ्यांसमोर तिनं मराठीत विचारलं, "आई, मला शिकवशील?" उच्चार सगळे वेडेवाकडे. ताई ढसाढसा रडल्या.

सोमवारी सकाळी सातला माझी बेल वाजली. "खाली ये, लवकर!" मी केस न विंचरता तशीच धावले. साकामोतोंच्या दाराला ती लाकडी पाटी लटकत होती. ताईंनी ती उलटी करून मला दाखवली. मागे सगळ्या घरांची नावं, तोबान करणाऱ्या बायकांची. त्यात सासूबाईंचं नाव अजून तसंच होतं, सहा वर्षांत कुणी खोडलं नव्हतं. त्याच्याखाली ताज्या शाईनं लिहिलं होतं: साकामोतो सरोजिनी.

"दादाला मुंबईला फोन केला," ताई एकीकडे हसत, एकीकडे नाक पुसत म्हणाल्या. "म्हटलं, मला कचरा झाडायचं काम मिळालं. तो घाबरून विचारतो, काय गं, जावईबापूंची नोकरी गेली का?"

"द्या इकडे, मी जाळी धरते," मी म्हणाले.

"हात लावू नकोस! तोबान माझी आहे."

गाडी कचरा घेऊन गेली. ताईंनी पदर खोचावा तसा एप्रन खोचला आणि झाडू उचलला. नेमून दिलेला होता तो फक्त कोपरा. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं झाडून काढलं, आणि एकही बाई त्यांना "बसा" म्हणाली नाही.